कुरडईला कोड नाही

प्रति,
अवकाळी पावसानंतर पंचनाम्याला गावोगाव जाणारे सर्व भाऊसाहेब आणि ताई

विषय : स्लॅबवर भिजलेलं वाळवण पंचनाम्यात लिहून घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी, हे आम्हाला कळलंय. पण जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं तरी एसटीत बसल्यावर तोंडातून ‘एक नगर द्या’ हेच निघतं. तसं तुम्हाला भाऊसाहेब म्हणायची सवयही काही जायची नाही. राग मानू नका.

मी दहा बायकांच्या बचत गटाची सचिव आहे. गटाचं इतिवृत्त, हप्त्यांचा हिशोब, बैठकीला कोण आलं नि कोण नाही, सगळं माझ्या अक्षरात. लिहून ठेवायची खोडच लागलीय म्हणा ना. म्हणून मागच्या मे महिन्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. शिमगा सरला, यंदाचे गहू निवडायला घेतलेत, तर म्हटलं ते पाण्यात पडायच्या आधी तुम्हाला लिहून टाकावं.

मे २०२५ तुम्हीही विसरला नसाल. आमच्याकडं उन्हाळ कांदा काढून रानात पडलेला आणि महिन्याच्या सुरुवातीलाच आभाळ भरून आलं. आज थोडा, उद्या थोडा, परवा नुसतंच झाकोळलेलं. आता जाईल, मग जाईल म्हणेपर्यंत खरा मोसमी पाऊसच येऊन ठेपला. केरळात २४ मेला, मुंबईत २६ मेला. मुंबईत त्याची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधीच. वर्तमानपत्रांनी आनंदाची बातमी म्हणून छापलं. आमच्या आळीत तेव्हा दोन घरांच्या कुरडया स्लॅबवर होत्या.

उघडीप झाल्यावर तुमच्यातले तिघं जण आमच्या वस्तीवर आले. कोण, कुठले, ते लिहीत नाही, माणसं चांगली होती. कांदा पाहिला, फोटो काढले, डाळिंबाखाली वाकून फूलगळ पाहिली. मग ओट्यावर चहाला बसले. तेवढ्यात माझ्या धाकट्या जावेनं आतून पाटी आणून पुढ्यात ठेवली. कुरडया होत्या. दोनदा भिजलेल्या, काळपट पडलेल्या, हात लावला की आंबूस वास. म्हणाली, “भाऊसाहेब, ह्या बी लिव्हा की त्यात.” सगळे हसले. आम्हीही हसलो. एक जण म्हणाले, “वहिनी, कुरडईला कोड नाही ओ.”

खोटं नव्हतं ते. पंचनाम्याच्या ॲपात पिकांची यादी असते, आणि कुरडई त्या यादीत असायचं काही कारणच नाही. जावेनं संध्याकाळी ती पाटी गाईपुढं नेली. गाईनं नुसता वास घेतला आणि तोंड फिरवलं.

आता तुम्ही म्हणाल, पाटीभर कुरडयांसाठी पत्र कसलं? म्हणून आधी कुरडई सांगते. तुमच्या घरी होतच असेल, पण पुरुषमाणूस साधारण चीक खाण्यापुरताच हजर असतो, असा माझा अनुभव आहे.

गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास सुटतो. तिसऱ्या दिवशी तो दळून, कालवून, फडक्यातून गाळायचा. खाली राहतो तो चोथा, त्याच्या भुसवड्या होतात, काही वाया जात नाही. गाळलेलं पाणी रात्रभर निवळू द्यायचं. चौथ्या दिवशी पहाटे वरची निवळी ओतून द्यायची आणि तळाचा पांढराशुभ्र चीक उकळत्या पाण्यात सोडायचा. एकीनं ओतायचं, दुसरीनं घाटायचं. हात थांबला की गुठळी झालीच. दिवस उगवायच्या आत सोऱ्या हातात पाहिजे, कारण चीक गरम आहे तोवरच कुरडई नीट पडते. पुढं दोन-तीन दिवस कडक ऊन. उलथून परत ऊन. मग डब्यात.

म्हणजे गहू भिजत घातला त्या दिवसापासून मोजलं तर हे आठवड्याचं काम. आणि गहू पाण्यात पडला की माघार नाही. पाऊस लांबला तर पेरणीचं बी पोत्यात राहतं, चार दिवस थांबता येतं. भिजलेला गहू कोणासाठी थांबतो? चौथ्या दिवशी आभाळ आलं तरी चीक शिजवावाच लागतो. मग तो ओल्या हवेत पसरायचा आणि वर बघत बसायचं.

तुमच्यातल्या जुन्या माणसांना इथं एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. वैशाखात पाऊस काय आज पडायला लागलाय? वळीव पूर्वीपासून आहेच की. आहे. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांनी जन्मभर वळवाशी हिशोब घालून वाळवणं केली. वळीव सांगून यायचा. दुपारी अंगाची लाही, वारा पडलेला, मग क्षितिजावर ढग, धुळीची वावटळ, आणि तास-दीड तास धो धो. दुपारी तीनच्या आत वाळवण घरात घेतलं की काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं आणि ऊन आदल्या दिवशीपेक्षा लख्ख. वळवानं आमचं कधी वाळवण नासवलं नाही. उलट गारवा देऊन जायचा.

आता येतं ते वेगळं. ते सकाळी नऊला येतं, रात्री दोनला येतं, आणि पडून गेलं तरी जात नाही. चार-चार दिवस मळभ. सूर्य ढगामागं तव्यावरच्या कच्च्या भाकरीसारखा. एक थेंब पडला नाही तरी त्या ओलसर हवेत पापड वाळत नाही, नुसता शिळा होतो. तिसऱ्या दिवशी कडेला बुरशीचे ठिपके. आत्याबाई म्हणतात, “पावसाचं भ्या न्हाई गं, ह्या मळभाचं हाय.” आमच्या सगळ्या तक्रारीचं सार या एका वाक्यात आहे आणि ते तुमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

कारण शोधायला मला लांब जावं लागलं नाही, पोराच्या अकरावीच्या पुस्तकापलीकडे फारसं नाही. हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. अरबी समुद्र तापतोय. त्याची ओल उन्हाळ्यातच आत ढकलली जाते, आणि वरच्या कोरड्या गार वाऱ्याशी गाठ पडली की गारा. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून पुढचे दोन-तीन आठवडे राज्यभर झालेली गारपीट तुम्हीच मोजलीत. २०२३ चा मार्च-एप्रिलही तसाच. अवकाळी हा शब्द पूर्वी पाहुण्यासारखा यायचा, आता त्याची चप्पल कायम दारात असते.

आणि सगळीच वर्षं ओली असतात असंही नाही, हे सांगायला हवं. एखादं वर्ष नुसतं भाजून काढतं. उडदाचा पापड तसल्या उन्हात चालत नाही, तडकतो. तो सावलीला, कोवळ्या उन्हाला सुकवायचा असतो. तेव्हा आम्ही पहाटे चारला लाट्या करायला बसतो आणि नऊला आवरतं घेतो. पण त्याची वाट निघते. उन्हाला सावली आहे, मळभाला काय आहे?

आता तुमच्या निकषांकडं येते. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त. पिकाचं नुकसान म्हणजे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त. शेताला हे माप ठीक असेल. कुरडईचं माप चार थेंब. मंडळाच्या पर्जन्यमापकात तळ ओला होईल इतका पाऊस आमच्या आठवड्याची माती करतो. तुमच्या कागदावर त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं.

दुसरं असं की पंचनामा सातबाऱ्याला बांधलेला आहे. ई-पीक पाहणीत जे नोंदवलं ते पीक, आणि ज्याचं नाव उताऱ्यावर तो शेतकरी. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे, पण आमच्या आळीत अशी नावं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. त्यामुळं रानातलं नुकसान नवऱ्याच्या नावावर लागतं आणि स्लॅबवरचं कोणाच्याच नाही. हे मी भांडायला लिहीत नाही. असं आहे म्हणून लिहिते.

आणि यादी काही दगडावर कोरलेली नसते. ‘सततचा पाऊस’ ही सुद्धा आपत्ती धरायची, असं मंत्रिमंडळानं २०२३ च्या एप्रिलमध्ये ठरवलंच ना? त्याआधी ती आपत्ती नव्हती काय, पाऊस तर तोच होता. हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिराचा कच्चा माल, तयार माल आपत्तीत गेला तर मदतीच्या निकषांत त्याला थोडीशी का होईना जागा आहे. सोऱ्या फिरवणारा हात हा कारागिराचा हात नाही, हे मला कोणी पटवून द्यावं. आमच्या गटातल्या तिघी विकण्यासाठी करतात. लग्नसराईत रुखवताच्या रंगीत कुरडयांना, सांडग्यांना मागणी असते, आणि एप्रिल-मे गेला की त्यांचं वर्ष गेलं. म्हणजे पैसे नकोतच, असा खोटा मोठेपणा मी करणार नाही.

पण गेलं ते नुसते पैसे नाहीत.

वाळवण आमच्याकडं सावडीनं होतं. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. शेतात सावड आता राहिली नाही, मजुरी आणि ट्रॅक्टर आले. राहिली ती या एका कामात. पहाटे चारला दिवा लावून आठ-नऊ जणी एका अंगणात. एक चुलीपाशी, दोघी सोऱ्यावर, पोरी प्लास्टिकचा कागद ओढायला, म्हाताऱ्या हुकूम सोडायला. जिच्याशी वर्षभर बांधावरून बोलणं बंद असतं तिच्याकडंही या दिवशी जावंच लागतं, कारण उद्या ती आपल्याकडं येणार असते. पोरांच्या हातात वाटीभर गरम चीक, वर दूध-साखर, नाहीतर तेल-चटणी. पापडाच्या दिवशी डांगराचा, म्हणजे पापडाच्या पिठाचा, गोळा तेलात बुडवून. मग त्याच पोरांना काठी देऊन स्लॅबवर कावळे हाकायला बसवायचं, आणि ओलसर पापड्या त्यांनीच कावळ्यांपेक्षा जास्त खायच्या. मीही अशीच बसलेय. आमची आई कावळ्यांसाठी काळी छत्री उघडी ठेवायची. तिचा कावळ्यांवर कधीच परिणाम झाला नाही.

मागच्या वर्षी पहिल्या दोन घरांचं भिजल्यावर तिसऱ्या घरानं गहू भिजतच घातले नाहीत. चौथ्यानं दुकानातून पाकीट आणलं. तिच्याकडं सावड फेडायला कोणी जायचं आणि कशासाठी? सावड अशी तुटते. भांडण नाही, तंटा नाही, नुसती एक पाळी चुकते.

मग आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. पितरांच्या ताटात आमरस, पोळी, आणि तळणाच्या जागी पाकिटातला पापड. पितरांनी काही कुरकुर केली नाही, आत्याबाईंनी केली. म्हणाल्या, आपल्या हातचं नाही ते त्यांना कळतं. मला हे पटत नाही, पण मी त्या दिवशी वाद घातला नाही. (माझी चूक होतेय. मागच्या वर्षीची आखिती मेच्या आधीच होऊन गेली होती, तेव्हा पाकीट निघालं ते गौरींच्या ताटासाठी. ओघात लिहिलं गेलं. खोडत नाही, तुम्हीही पंचनाम्यात खाडाखोड चालवून घेत नाही.) गौरींच्या दिवशी लेकी येतात, आणि परत जाताना प्रत्येकीच्या पिशवीत वर्षाचं वाळवण जातं. पावसाळ्यात भाजी महाग झाली की सांडग्याची आमटी, कुरडईची भाजी. बेगमी म्हणतात ती हीच. माझी लेक पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते, तिथं गच्चीला कुलूप असतं. गेल्या वर्षी तिनं पिशवी उघडून बघितली आणि काही बोलली नाही.

यंदा तर १७ मेपासून अधिक ज्येष्ठ. धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, धोंडे वाढायचे, आणि ताटात घरची कुरडई नाही म्हणजे काय, ते तुम्ही कोणाचे तरी जावई असाल तर तुम्हाला सांगायला नको.

हे एकट्या नगरचं नाही. खानदेशात बिबडे, देशावर खारोड्या, कोकणात आमसुलं, आंब्याची साठं, फणसपोळी. वसई-उत्तनकडं कोळी बायका बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळवतात, त्यांचंही सगळं गणित या उन्हावर. ज्याला ज्याला ऊन लागतं त्या सगळ्यांचं दुखणं सारखंच, आणि ते बहुतेक बायकांच्या हातात आहे. कदाचित म्हणूनच त्याला कोड नाही.

यावर एक उपाय लोक हमखास सुचवतात, सौर वाळवणयंत्र घ्या. गटांसाठी योजना आहेत, केंद्राच्या पीएमएफएमई या अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदानही मिळतं. विकायला करणाऱ्या आमच्या तिघींनी ते जरूर घ्यावं, मीच त्यांचा अर्ज भरणार आहे. लिज्जतची गोष्ट मला माहीत आहे. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड सुरू केले, आणि पहिल्या पावसाळ्यात वाळवायला ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. डोकं म्हणतात ते हे. पण त्यांनी ती खाट पावसाळ्यासाठी आणली होती. उन्हाळ्यात खाट आणायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. आणि यंत्रात एका वेळी एका घराचा माल जातो, दार लावून. पहाटे चारला तिथं नऊ जणी कशाला जमतील?

तर माझी मागणी साधी आहे. तुमच्या पंचनाम्यात खाली ‘इतर’ किंवा ‘शेरा’ असं काहीतरी असतंच. तिथं एक ओळ लिहा. पैसे मिळोत न मिळोत, निकषात बसो न बसो. गहू किती किलो, डाळ किती किलो, कुठल्या दिवशी भिजत घातलं, कुठल्या दिवशी भिजलं, किती घरं. बास.

कशासाठी, तर आत्याबाई म्हणतात पूर्वी असं मळभ नव्हतं, आणि पोरं म्हणतात म्हातारी माणसं असंच म्हणतात. दोघांपैकी कोण खरं, हे सांगायला गावात कागद नाही. ऐकीव माहितीला पंचनाम्यात किंमत नसते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. वीस वर्षांनी कोणी विचारलं की या गावात वाळवण का बंद झालं, तर उत्तर असेल की बायकांना आळस आला, पाकिटं स्वस्त झाली. ते मला नको आहे.

तुमची ओळ येईपर्यंत मी माझी वही सुरू केली आहे, गटाच्या इतिवृत्ताच्या मागच्या पानांवर. मागच्या मेपासून. नमुना पाठवते, कसा वाटतो सांगा :

“सकाळी ऊन, अकराला आभाळ. पाऊस नाही. पापड पंख्याखाली घेतले. लाईट गेली.”

“रात्री पाऊस. कुरडया घरात होत्या, तरी ओल धरली. एक पाटी टाकून दिली.”

“दिवसभर मळभ. काही केलं नाही.”

अशी पानं आहेत. तारखा घातलेल्या आहेत. पंचनाम्याला पंच लागतात, तर आमच्या आळीतल्या पाच जणी सही करतील. दोघी अंगठा देतील, चालेल ना?

पाडव्यानंतर पहिली पाळी धाकट्या जावेकडं आहे. पहाटे चारला चीक शिजतो. नुकसान व्हायची वाट न बघता आलात तरी चालेल.

आपली,
एका बचत गटाची सचिव
जि. अहिल्यानगर

ता. क. : मागच्या वर्षीच्या त्या पाटीचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. तारीख, वेळ आणि लोकेशनसकट.